आहोला आरव्ही घेऊन जाताय? नागपूरकरांसाठी थोडं सविस्तर

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स, चँडलर, टेम्पी या पट्ट्यात आता इतके नागपूरकर होऊन राहिलेत की दर हिवाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा तिकडे असतातच, आणि ग्रँड कॅन्यन झालं, सेडोना झालं की मग प्रश्न येतो, आता कुठे? मी प्रत्येकाला आहो सांगतो. मॅपवर ए-जे-ओ टाइप करा, सोनोरन वाळवंटातलं जुनं तांब्याच्या खाणीचं गाव, फिनिक्सहून साधारण १८० किलोमीटर. खाण म्हणजे आपल्याला काही नवीन नाही, मॉइल (मँगनीजवाली), वेकोलि (कोळसावाली), इंडियन ब्युरो ऑफ माइन्स सगळ्यांची हेड ऑफिसं इथे नागपुरातच आहेत आणि नात्यात एखादा तरी उमरेड नाहीतर कांद्री-मनसरला नोकरी काढलेला असतोच. पण खाण बंद पडून चाळीस वर्षं झाल्यावर गाव कसं दिसतं ते इकडे बसून कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बहुतेक लोक आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी, घेतात आणि रोज तीनशे मैल पळवतात, सकाळी पसारा आवरा, संध्याकाळी नवीन जागी पुन्हा मांडा, याच्यापेक्षा मोटेल स्वस्त पडतं आणि भांडणंही कमी होतात. आरव्हीची मजा ती उभी करण्यात आहे. आहोच्या आसपास एक जागा धरा, किमान तीन रात्री तिथेच ठोका, आणि जमत असेल तर पोराची कार मागून येऊ द्या म्हणजे इकडेतिकडे फिरायला ती कामी येते.

गाडी घेताना २५ फुटांच्या वर जाऊ नका. पिकअपसारखं तोंड आणि वर झोपायचा माळा असलेली क्लास सी म्हणतात ती चार-पाच माणसांना पुरते. भाड्याच्या आकड्यावर भुलू नका, बऱ्याच कंपन्या मैलाचे पैसे वेगळे लावतात आणि जनरेटरचे तासाचे वेगळे, ते आधी लिहून घ्या. जितके सीटबेल्ट तितकीच माणसं, गाडी चालू असताना आईला मागच्या बेडवर आडवं होऊ द्यायचं नाही, कितीही कंबर दुखत असली तरी. इकडचं लायसन्स असेल तर निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, वर्षभर चालतं, भाड्याने देणारे मागतात. चालवताना उंची डोक्यात ठेवा, अकरा-बारा फूट असते, त्यामुळे पंपाचं छत आणि झाडाच्या फांद्या बघत जायचं, आणि रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे, कॅमेरा असला तरी. अजून एक, तिकडे बहुतेक पंपांवर हिरव्या हँडलचं नोझल डिझेलचं असतं आणि या गाड्या सहसा पेट्रोलवर असतात, बघून भरा. वाटेत गिला बेंड गावाला टाकी फुल करा, पुढे आहोपर्यंत ४२ मैल नुसतं वाळवंट.

सीझन नोव्हेंबर ते मार्च, बस्स. "आम्ही नागपूरचे, पंचेचाळीस बघतो दरवर्षी" ही फुशारकी तिकडे चालत नाही, कारण इथे आपण मे महिन्यात पडदे ओढून कूलरसमोर पडलेलो असतो आणि तिकडे तुम्ही पत्र्याच्या डब्यात विजेच्या कनेक्शनशिवाय उभे असाल. हिवाळ्यात दिवसा छान वीस-बावीस असतं, रात्री मात्र पार पाच-सहापर्यंत उतरतं, स्वेटर-कानटोपी न्याच. जुलै ते सप्टेंबर तिकडचा मान्सून, कोरडे नाले एकदम भरतात. रस्त्यावर पाणी असलं आणि बॅरिकेड लावलेलं असलं तर चुपचाप थांबायचं. बॅरिकेड ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदाच आहे ॲरिझोनात.

आता मुक्काम कुठे. गावात आणि पुढे दहा मैलांवर व्हाय नावाच्या फाट्यावर आरव्ही पार्क आहेत, तिथे वीज-पाणी जोडून मिळतं. आईबाबा पहिल्यांदाच असतील तर पहिली रात्र तिथे काढा. पण खरी जागा म्हणजे ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटमधलं (मॉन्युमेंट म्हणजे इमारत नाही, राखीव वाळवंट) ट्विन पीक्स कॅम्पग्राउंड, २०८ जागा, ४० फुटांपर्यंतच्या गाड्या चालतात, बाथरूम आहेत, प्यायचं पाणी आहे, घाण पाणी सोडायची सोय आहे, फक्त वीज-पाण्याचं कनेक्शन कोणत्याच जागेला नाही. बुकिंग ऑनलाइन करूनच निघा. याच्याही पुढचं पाऊल म्हणजे आहोच्या दक्षिणेला डार्बी वेल रोडजवळची सरकारी मोकळी जमीन, तिथे १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं पण काहीच सोय नाही, कचरासुद्धा स्वतःसोबत परत आणायचा. पहिल्या ट्रिपला तिकडे जाऊ नका असं माझं मत.

कनेक्शन नसलेल्या जागी काय चालतं आणि काय नाही हे घरच्या बायांना आधी समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच सकाळी कल्ला होतो. बॅटरीवर लाइट, पाण्याचा पंप आणि फोन चार्जिंग. फ्रिज बहुतेक गाड्यांत गॅसवर चालतो, शेगडी गॅसवर. एसी आणि मायक्रोवेव्ह मात्र जनरेटर चालू असेल तरच, आणि जनरेटर मनाला येईल तेव्हा लावता येत नाही, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास अशी ठरलेली वेळ असते, पाटी वाचून घ्या. इकडून नेलेला मिक्सर विसरा. तिकडे १२० व्होल्ट, आपला २३० चा, नुसता घुरघुरतो. वाटण घरून करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, सावजी मसाला कोरडा न्या. आणि फोडणी देताना खिडकी उघडी, वरचा पंखा चालू, नाहीतर मोहरी तडतडायच्या आधी स्मोक अलार्म बोंबलतो आणि शेजारचे म्हातारे गोरे काय झालं म्हणून बाहेर येतात. तो अलार्म काढून ठेवायची अक्कल काही पोट्टे लढवतात, ते नका करू, गॅस लीक आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे डबेही तसेच भिंतीवर असतात आणि त्यांचा उपयोग आहे.

पाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांना काही शिकवावं लागत नाही. दिवसाआड नळ बघितलेल्या माणसाला टाकीचा अंदाज असतोच. अंगावर पाणी घ्या, नळ बंद, साबण, मग पुन्हा पाणी, किंवा सरळ कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्ये आंघोळ करा. भांडी घासायच्या आधी तर्री-तेल टिश्यूने पुसून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतलं तर सिंकखालच्या टाकीत तेल जमून असा वास सुटतो की झोप येत नाही. प्लास्टिकच्या ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसा, डिपॉझिटमधून कापतात. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि थोडं जास्तच. डाळ-तांदूळ, कणीक, कोथिंबीर सगळं फिनिक्सकडच्या इंडियन स्टोअरमधून भरून न्या, आहोत छोटं मार्केट आहे, दूध-ब्रेड-कांदे मिळतात तेवढं बस.

गावाला अर्धा दिवस द्या, नुसतं पेट्रोल भरून पुढे जाऊ नका, बहुतेक लोक तेच करतात. उत्तरेकडून शिरतानाच डाव्या अंगाला लांबलचक सपाट डोंगर दिसतो तो डोंगर नाही, टेलिंग्स आहे, म्हणजे दगड दळून तांबं काढून घेतल्यावर उरलेला भुगा. वेकोलिवाल्यांनी याला ओबी म्हणू नये, ओबी म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती-दगड, हे त्याच्या पुढच्या टप्प्यातलं आहे. गावात पोचलात की प्लाझा, मधे हिरवळ आणि ताडासारखी उंच झाडं, भोवती कमानींचे पांढरे व्हरांडे, एका टोकाला रेल्वे स्टेशन ज्याच्यावर पॅसेंजर येत नाही, पलीकडे दोन पांढरी चर्चेस. हे सगळं न्यू कॉर्नेलिया कंपनीने १९१७ च्या आसपास कामगारांसाठी आखून बसवलं. आखलं म्हणजे बघा कसं, गोऱ्यांची घरं इथे, मेक्सिकन कामगारांची वस्ती वेगळी, टोहोनो ऑडम आदिवासींची तिसरीकडे, आणि पुढे खाण वाढत गेली तशा त्या दोन वस्त्या उठवल्या. प्लाझावर फोटो काढताना हे माहीत असलेलं बरं. जवळच कर्ली स्कूलची जुनी इमारत आहे, आता तिथे कलाकारांना राहायला घरं करून दिलीत.

मग खड्डा. जाळीच्या या बाजूने बघायची जागा केलेली आहे, आत जाता येत नाही. जवळपास दीड मैल रुंद, हजार फुटांहून खोल, बेंच म्हणजे खोदताना सोडलेल्या पायऱ्या एकाखाली एक उतरत गेलेल्या अगदी स्पष्ट दिसतात, ज्यांनी ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) नोकरी केली ते तिथे अर्धा तास नुसते उभे राहून हॉल रोड (डंपरचा रस्ता) कुठून उतरत असेल, बेंचची उंची किती असेल हेच बोलत बसतात, त्यांना बसू द्या. १९३१ मध्ये ही खाण फेल्प्स डॉज कंपनीने घेतली. १९८३ च्या जुलैमध्ये संप झाला, कंपनीने बाहेरची माणसं भरून काम चालू ठेवलं, तांब्याचे भाव तेव्हा पडलेलेच होते, आणि १९८५ ला खाण बंद. कंपनीची घरं स्वस्तात निघाली ती थंड राज्यांतल्या रिटायर्ड लोकांनी घेतली, म्हणून आज गावात निम्मे चेहरे पिकल्या केसांचे दिसतात. खड्ड्याजवळ एका जुन्या चर्चमध्ये छोटं म्युझियम आहे, हिवाळ्यात उघडं असतं.

ऑर्गन पाइपमध्ये आजो माउंटन ड्राइव्ह नावाचा (नाव गावाचंच, उच्चार आहोच) २१ मैलांचा कच्चा वन-वे लूप आहे, लांब आरव्ही आणि ट्रेलरला बंदी, म्हणूनच कार हवी म्हटलं. दोन तास धरा, सकाळी लवकर निघा. ज्याच्या नावाने हे मॉन्युमेंट आहे तो कॅक्टस जमिनीतूनच पंधरा-वीस खांब घेऊन वर येतो, फुलं रात्री उमलतात आणि परागीकरण वटवाघळं करतात. अमेरिकेत तो मुख्यतः याच भागात वाढतो. एकाच बुंध्याचा, हात वर केलेला उंच तो सग्वारो, त्याला खिळा ठोकणं, कोरणं हा गुन्हा आहे.

चोला कॅक्टसपासून मात्र लांब. दिसायला मऊ, उन्हात केसाळ चमकतो, आणि लहान पोरं हटकून हात लावायला जातात. त्याचे गोळे पायाखाली पडलेले असतात, बुटाला चिकटतात, बुटावरून पोटरीला, आणि काट्यांना उलटे बारीक दाते असल्यामुळे बोटांनी ओढलं की तो गोळा बोटांनाच बसतो. सोबत मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. कंगवा गोळ्याच्या आणि कातडीच्या मधे सरकवायचा आणि एका झटक्यात बाहेर उडवायचा, समोर कोणी उभं नाही ना ते बघून. उरलेले काटे चिमट्याने. चपला-सँडल घालून फिरू नका, हे काकू लोकांना खास.

मेक्सिकोची बॉर्डर तिथून पाच मैलांवर लुकव्हिलला आहे. भाड्याची आरव्ही पलीकडे नेऊ नका, बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत आणि तिकडचा विमा वेगळा लागतो. अलीकडे राहूनसुद्धा बॉर्डर पॅट्रोलच्या, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्यांच्या, गाड्या सतत दिसतात आणि उत्तरेकडे परतताना चेकपोस्ट लागतो, तेव्हा सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) ची प्रिंट डॅशबोर्डजवळ ठेवा, मागच्या कपाटात बॅगेखाली नको. विचारतील तेवढंच सांगायचं, कुठून आलात, कुठे चाललात, झालं. आणि आभाळात लढाऊ विमानं खालून गेली तर घाबरू नका, शेजारी एअर फोर्सची मोठी रेंज आहे. त्या रेंजमध्ये किंवा काबेझा प्रिएटा अभयारण्यात परमिटशिवाय शिरायचं नाही.

निघताना टाक्या रिकाम्या करा, ट्विन पीक्सलाच. हातमोजे घाला, जाड पाइप आधी गाडीला आणि मग जमिनीतल्या भोकात घट्ट बसवा, दुसरं टोक पायाने दाबून धरा. आधी संडासची टाकी सोडायची, ती पूर्ण रिकामी झाली की मग सिंक-आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय पाइप काढायचा नाही. तिथे दोन नळ असतात, पाइप धुवायचा वेगळा आणि प्यायच्या पाण्याचा वेगळा, पाटी बघूनच बाटली भरा. टाक्या भरलेल्या घेऊन गाडी परत दिली तर भाडेवाले वरून दंड लावतात.