सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखण्याआधी चौकोन आणि रेघा काढा

हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर करायचंय असं समजा. सेक्रेटरी सांगतील, ‘प्रत्येक सभासदाला बिल गेलं पाहिजे.’ ते लगेच लिहून घेऊ नका. आधी कागदावर तीन चौकोन काढा: फ्लॅट, सभासद, बिल. ज्यांचं एकमेकांशी नातं आहे ते रेघेने जोडा. मग प्रत्येक रेघेवर दोन्ही बाजूंनी विचारा: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? एका फ्लॅटचे मालक नवरा-बायको दोघं असू शकतात का? एकाच माणसाचे दोन फ्लॅट असतील तर? आणि फ्लॅट मध्येच विकला गेला, तर जुनी थकबाकी कोणाच्या नावावर दिसणार? इथे सेक्रेटरी हमखास थबकतात. बिल खरं तर फ्लॅटचं असतं, हे तेव्हा कुठे उघड होतं.

संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेली ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृती, म्हणजे गोष्टींचे चौकोन आणि त्यांच्यातली नाती दाखवणारं चित्र, याच कामाची. मात्र ग्राहकासमोर प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख), डेटा टाइप (माहिती आकडा, तारीख की मजकूर) वगैरे काढू नका. तो डेटाबेस डिझाइनचा भाग, नंतरचा. प्रत्येक रेघ साध्या वाक्यात वाचून दाखवा: ‘एका फ्लॅटला निदान एक सभासद असतोच.’ चूक असेल तर समोरचा लगेच टोकतो. बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट असतील, तर हे वाक्य तिथेच अडकेल.