विंडोज ७ चा पीसी, अँड्रॉइड ७ चा फोन: आता ब्राउझर कुठला टाकायचा?

आधी मशीनवर काय आहे ते बघा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे विंडोज कुठली, ३२ बिट की ६४, रॅम किती सगळं दिसतं, आणि फोनवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन. 'जुन्या पीसीसाठी टॉप १० ब्राउझर' वगैरे याद्यांच्या नादी लागू नका, त्यातले ब्रेव्ह, ऑपेरा, एज सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर बनतं तेच सॉफ्टवेअर, क्रोमने जुन्या सिस्टीमला अपडेट देणं थांबवून हात वर केले की मागोमाग हेही करतात.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ वरच अडकलंय, फेब्रुवारी २०२३ पासून. तिथे सरळ फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सिक्युरिटी अपडेट मिळणारी आवृत्ती) टाका, मोझिलाच्याच साइटवरून. सिक्युरिटी अपडेटची मुदत त्यांनी बऱ्याचदा वाढवलीये, पण कायमची नाही, त्यामुळे अधूनमधून तारीख बघत जा. आधीपासून असेल तर ११५.१३ किंवा पुढचं आहे ना तेवढं चेक करा, कारण त्याच्या मागच्या व्हर्जनचं एक सर्टिफिकेट (खरेपणाचा डिजिटल दाखला) १४ मार्च २०२५ ला संपलं आणि ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, बंद पडायला लागले. आणि युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाकाच, २ जीबी रॅमवर जाहिराती अडवल्या की पेज उघडण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

क्रोमशिवाय चालतच नसेल तर सुपरमियम आहे, जुन्या विंडोजसाठी क्रोमियमवरूनच बनवलेला ब्राउझर, एक्सपीवरसुद्धा चालतं. भारी काम केलंय, पण मागे मोठी कंपनी नाही, मी तरी त्यावर नेट बँकिंग करणार नाही.

आता एक गंमत. बऱ्याचदा ब्राउझर ठीक असतो आणि तरी प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतं. खाली उजवीकडे तारीख बघा. तिथे २००९ दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल गेलाय, घड्याळ मागे पडलं की सगळी सर्टिफिकेटं चुकीची वाटतात. गोल चपटा सेल असतो, बहुतेक पीसीत सीआर २०३२, स्वस्तात मिळतो, पीसी बंद करून प्लग काढून बदला आणि तारीख परत सेट करा.

फोनचं थोडं वेगळं. अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ शेवटचं, ८ आणि ९ वर १३८. अँड्रॉइड ५, ६, ७ वाल्यांनी फायरफॉक्स १४३ घ्यावं, त्यांच्यासाठी तेच शेवटचं. फायदा असा की अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं (साइटना फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) नवं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्यावरून बाकीची सर्टिफिकेटं तपासली जातात ते मूळ सर्टिफिकेटच नाही, म्हणून कितीतरी साध्या साइट उघडत नाहीत, आणि फायरफॉक्स स्वतःची यादी घेऊन येतं, फोनच्या यादीवर विसंबून राहत नाही. प्ले स्टोअरवर मिळालं नाही तर मोझिलाच्या आर्काइव्हमधून एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) घ्या, भलत्यासलत्या साइटवरून नको. यालाही आता अपडेट नाहीत, त्यामुळे बातम्या, रेसिपी, रेल्वेचं टाइमटेबल ठीक, बँक नाही.

जुन्या आयफोनवर ब्राउझर बदलून उपयोग शून्य, तिथे क्रोमसुद्धा आतून सफारीचंच इंजिन वापरतं.

पीसी ६४ बिट असेल आणि विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर अडलं नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही फुकट, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, ताजा फायरफॉक्स आयताच मिळतो. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतोय का बघा, मगच हार्ड डिस्कला हात लावा, आणि फोटोंचा बॅकअप त्याच्याही आधी.