कलहारीत सान लोकांच्या गावी मुक्कामाला जाताना

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कलहारी वाळवंटात राहणाऱ्या, मूळच्या शिकारी आणि कंदमुळे गोळा करणाऱ्या सान लोकांकडे पाहुणा म्हणून जायचे असेल, तर तिकिटे काढण्याआधी एकाच प्रश्नाचा छडा लावावा: आपण मोजणार असलेले पैसे कोणाच्या हातात पडणार आहेत? नामिबिया, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका या तिन्ही देशांत सान संस्कृतीचा ‘अनुभव’ विकला जातो. काही ठिकाणी तंबूतळ, कार्यक्रम आणि दरपत्रक हे सगळे गावाच्याच हाती असते. काही ठिकाणी मात्र संध्याकाळच्या नाचापुरती चार-आठ माणसे गाडीत घालून आणली जातात आणि बिलातला मोठा हिस्सा हॉटेलमालकाकडेच राहतो. म्हणून आरक्षण करताना जागा कोणाची आहे, वाटाडे कोणत्या गावचे आहेत आणि शुल्क कोणाला मिळते, हे लेखी विचारावे. सरळ उत्तर मिळत नसेल तर ते ठिकाण सोडून द्यावे.

बोत्स्वानाच्या बाबतीत ही चौकशी अधिक काटेकोरपणे करावी. मध्य कलहारी अभयारण्यातून सान कुटुंबांना १९९७ आणि २००२ मध्ये बाहेर काढण्यात आले होते, आणि त्यांपैकी २००२ ची कारवाई २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. ज्या भूमीवरून माणसे हटवली गेली, तिथेच त्यांचे पारंपरिक जीवन दाखवणारी सहल निघत असेल, तर तिच्यात त्या माणसांचा वाटा किती, हे विचारणे भागच आहे. त्याच देशात घान्झीजवळच्या डकार गावातील नारो या सान गटाच्या मालकीचे लॉज आहे. दक्षिण आफ्रिकेत कगालागादी उद्यानातील क्साउस लॉज खोमानी सान आणि मिअर या दोन समाजांच्या मालकीचे आहे; १९९९ मध्ये त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला, त्यातून ते उभे राहिले. तिथे पक्क्या खोल्या आणि तयार जेवण मिळते, त्यामुळे वडीलधाऱ्यांना बरोबर नेणाऱ्यांसाठी तेच बरे.

माझी शिफारस मात्र ईशान्य नामिबियाची आहे. चुमक्वे या छोट्या गावाभोवतीचा न्याए न्याए हा प्रदेश जुहोआन्सी या सान गटाचा आहे. १९९८ मध्ये तिथे नामिबियातील पहिले सामुदायिक संवर्धनक्षेत्र, म्हणजे वन्यजीवांची देखरेख आणि त्यांतून मिळणारे उत्पन्न गावकऱ्यांकडे असलेले क्षेत्र, नोंदवले गेले. त्याचा विस्तार सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर आहे. चुमक्वेला जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या आधी ग्रासहूक नावाचे गाव लागते, जिथे २००४ पासून गावकरी स्वतःच एक ‘जिवंत संग्रहालय’ चालवतात, म्हणजे जुनी जीवनपद्धती पाहुण्यांना करून दाखवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एक रात्र ग्रासहूकला आणि दोन-तीन रात्री चुमक्वेच्या बाजूला काढाव्यात.

जाण्यापूर्वी नावांचा घोळ मिटवावा. ‘बुशमन’ हा शब्द वसाहतवाल्यांचा असून अनेकांना तो अपमानास्पद वाटतो. ‘सान’ हेही शेजाऱ्यांनी दिलेले नाव आहे. ते आज सर्वसाधारणपणे चालते, तरी गटाचे स्वतःचे नाव घेणे सर्वांत उत्तम. या भाषांतील जिभेच्या टिचक्यांची मराठी माणसाने धास्ती घेऊ नये. हळहळताना आपण ‘च्च् च्च्’ करतो, ती त्यांची एक टिचकी. घोड्याला चुचकारताना गालाच्या बाजूने काढतो, ती दुसरी. आपण हे आवाज शब्दांबाहेर ठेवतो, ते त्यांना व्यंजने म्हणून शब्दांत गुंफतात, एवढाच फरक.

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ प्रवासाला योग्य असतो. जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, म्हणून वाळवंट म्हटले तरी लोकरीची टोपी आणि जाड स्लीपिंग बॅग घ्यावीच. ऑक्टोबरात उकाडा असह्य होतो आणि पावसाळ्यात काही वाटा चिखलात बंद पडतात. हा भाग हिवतापाचा असल्यामुळे औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे. मुंबईहून नामिबियाची राजधानी विंडहुकला थेट विमान नाही. इथिओपियामार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे, कारण परतताना भारतीय विमानतळावरही ते मागितले जाऊ शकते.

विंडहुकहून ग्रूटफाँटेनपर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे. पुढे मुख्य रस्ता सोडल्यावर चुमक्वेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता लागतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण त्या ओळखीच्या भरवशावर वेग वाढवू नये. खडीवर ताशी ऐंशीच्या पुढे गाडी हातात राहत नाही, आणि अंधार पडल्यावर जनावरे आडवी येत असल्याने सूर्यास्ताआधी मुक्काम गाठावा. चारही चाकांना ताकद देणारी गाडी आणि दोन जादा टायर घ्यावेत, ग्रूटफाँटेनला टाकी काठोकाठ भरावी आणि सुट्या नोटा तिथूनच न्याव्यात. दक्षिण आफ्रिकेचा रँडही नामिबियात चालतो. पशुरोग रोखण्यासाठी घातलेले कुंपण वाटेत लागते. त्याच्या नाक्यावरून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही.

तंबूतळावर वीज किंवा भोजनालय गृहीत धरू नये. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, स्टोव्ह आणि शिधा बरोबर हवा. शाकाहारी मंडळींनी पोहे, डाळ-तांदूळ, मेतकूट असे कोरडे सामान न्यावे. यजमानांना मांस प्रिय असते आणि शिकार झाली तर तो आनंदाचा दिवस असतो, तेव्हा नाक मुरडणाऱ्याने मुळात जाऊच नये.

आता गावातील दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी रानफेरी असते. वाटाड्या एखाद्या वाळक्या वेलीशी थांबतो, काठीने हातभर माती उकरतो आणि पाण्याने भरलेला कंद वर काढतो. आग पेटवणे मात्र जवळ बसून पाहावे. मऊ लाकडाच्या खाचेत कडक काठी उभी धरून दोन माणसे ती आळीपाळीने तळहातांत घुसळतात. एकाचे हात घसरत खाली पोहोचले की दुसऱ्याचे वरून सुरू होतात, काठी थांबत नाही. खाचेतून काळी भुकटी सांडते, धुराची रेघ उठते आणि तो ठिपक्याएवढा निखारा वाळक्या गवतात गुंडाळून फुंकला जातो. अग्निहोत्र्यांचे अरणिमंथन पाहिलेल्याला हे ओळखीचे वाटेल, फक्त इथे दोरी नसते. बाणाचे विष एका भुंगेऱ्याच्या अळीपासून काढतात. ते टोकाला न लावता टोकामागच्या दांडीला लावतात, म्हणजे चुकून ओरखडा गेला तरी जीव जात नाही. बाणाला तरीही हात लावू नये.

ग्रासहूकला कातडी वस्त्रे नेसून आलेला माणूस दुपारनंतर टी-शर्ट घालून मोबाइलवर बोलताना दिसेल. त्यात फसवणूक नाही. तो आजोबांची विद्या शिकवत होता, आणि ते शिकवणे हाच त्याचा आजचा रोजगार आहे. ‘अस्सल, अस्पर्शित’ माणसे पाहण्याच्या हौसेने गेलेला प्रवासी चिडतो. मला त्याच्या चिडण्याचेच नवल वाटते. गावातले नेहमीचे घर, शाळा आणि पाण्याचा पंपही दाखवतात, ती फेरी चुकवू नये.

छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि पैसे वेगवेगळ्या माणसांना न देता ठरलेल्या दराने एकाच ठिकाणी भरावेत. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. दारू तर अजिबात नेऊ नये. चुमक्वे परिसरात तिने पुष्कळ घरे पोखरली आहेत. कोणी मण्यांचा सर हातात ठेवला, तर लगेच काहीतरी उलट देण्याची घाई करू नये. आपण शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाही, पण जुहोआन्सींच्या देवघेवीत परतफेड सावकाश, काही काळाने व्हायची असते, आणि हातोहात दिली तर तिचा सौदा होतो. विकत घ्यायच्या वस्तूंचे मात्र रोख पैसे द्यावेत आणि घासाघीस करू नये. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एकेक मणी तोडून, भोक पाडून, घासून गोल करावा लागतो.

रात्रीचा नाच हा मुळात उपचार असतो. बायका शेकोटीभोवती बसून टाळ्या वाजवत गातात. पुरुष पायांना पतंगांच्या कोषांच्या खुळखुळ्या बांधून त्यांच्याभोवती फिरतात आणि वैदू आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवतो. पाहुण्यांसाठी केलेले सादरीकरण तासाभरात आटोपते. खरा नाच पहाटेपर्यंत चालू शकतो आणि त्याला बोलावणे आले तरच जावे. बसायला सांगितले तिथेच बसावे, कॅमेऱ्याचा दिवा विझवावा. नाच संपल्यावर तंबूकडे एकट्याने निघू नये, कारण या भागात हत्ती रात्री पाण्यावर येतात. वाटाड्या उठेपर्यंत शेकोटीजवळच थांबावे.