प्लेलिस्टसोबत गाण्यांच्या फायलीही न्याव्यात

प्लेलिस्ट निर्यात केली म्हणजे गाणीही सोबत आली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात निर्यात होते ती एम३यू किंवा एम३यू८ प्रकारची, साध्या मजकुराची फाईल असते आणि तिच्यात प्रत्येक गाणे कोठे साठवले आहे, त्याचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो. नोटपॅडमध्ये ती उघडल्यास ‘डी:\संगीत\प्रवास\०३.एमपी३’ अशा ओळी दिसतात, आणि दुसऱ्या संगणकावर ही जागाच नसेल, तर यादी दिसूनही एकही गाणे वाजत नाही. म्हणून ‘संगीत’ हा फोल्डर आतील रचनेसकट कॉपी करावा, प्लेलिस्टची फाईल त्यातच ठेवावी आणि ‘शोधा व बदला’ वापरून प्रत्येक ओळीतील ‘डी:\संगीत\’ एवढा भाग काढून टाकावा. (सगळी गाणी एकाच फोल्डरात ओतण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ‘०३.एमपी३’ नावाच्या दोन फायली हमखास निघतात.)

आयट्यून्समध्ये ‘फाईल’, ‘लायब्ररी’, ‘एक्स्पोर्ट प्लेलिस्ट’ या क्रमाने यादी मिळते. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती सोय ‘मीडिया’ मेनूत आहे. नावे देवनागरीत असल्यास यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) वापरणारे एम३यू८ निवडावे. स्ट्रीमिंग सेवेतून ऑफलाइन ऐकण्यासाठी उतरवलेली गाणी मात्र बहुधा कुलूपबंद असतात. त्यांची फाईल कॉपी झाली, तरी दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजत नाही.