सुपरवायझर झालात? आधी हात मागे बांधून उभं राहायला शिका

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, कुठलीही एमआयडीसी घ्या, सुपरवायझर निवडायची पद्धत सगळीकडे सारखीच. लाइनवरचा सगळ्यात तयार सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) उचलायचा आणि एक तारखेपासून त्याच्या शर्टाचा रंग बदलायचा. "तुला काय शिकवायचं, तुला सगळं येतंच की!" एवढ्या एका वाक्यावर अख्खी शिफ्ट गळ्यात पडते. मीही असाच मशीन शॉपमधून वर आलो, त्यामुळे खालचं सगळं तिथलंच आहे. ऑफिसात नव्याने टीम लीडर झालेल्यांनी आपल्या कामाचं ते उचलावं.

ओईई (मशीनचा खरा उपयोग किती झाला त्याचा आकडा) कसा काढायचा, शिफ्ट रिपोर्ट कसा भरायचा, फाइव्ह एसच्या, म्हणजे नीटनेटकेपणाच्या, ऑडिटला काय विचारतात, हे तुम्हाला येत असणार. नसेल तर महिन्याभरात येईल, त्याची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती आपल्याच हाताची.

नीट सांगतो. रात्रपाळी आहे. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ३२ एच७ चा बोअर, म्हणजे आतलं भोक, चालू आहे. एच७ म्हणजे साइज ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटरच्या आत हवी. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत गेला की बोअर लहान यायला लागतो. मशीनवरचा पोरगा बोअर डायल (भोक मोजायचं गेज) घेऊन येतो, "सर, साइज लो जातेय." तुम्ही जाता, वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची भरपाई टाकतात तिथे) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, बारा मायक्रॉन (०.०१२ मिलिमीटर) वाढवता, सायकल स्टार्ट मारता. पुढचा पीस ओके. पोरगा खूश, तुम्ही त्याहून खूश, कारण पाळीभरात मनासारखं झालेलं हे एवढंच काम असतं.

आणि इथेच वाट लागते. तुम्ही त्या मशीनवर वाकलेले असताना पलीकडे डीबरिंगला (पीसच्या कडा साफ करायला) बसलेला नवा कॉन्ट्रॅक्टचा मुलगा रिजेक्शनचे पीस ओकेच्या बिनमध्ये टाकत असतो. तिकडे कुणाचं तरी मटेरियल संपलेलं असतं आणि तो मशीनला टेकून मोबाइल बघत असतो. शिफ्टवर नजर कुणाचीच नाही, कारण ज्याला नजर ठेवायचा पगार मिळतो तो ऑफसेट टाकतोय. पोरगा तर पुढच्या इन्सर्टला परत येणारच. का येऊ नये? साइज सरांनी लावली की ती चुकली तरी सरांची. हुशार ऑपरेटर यातून एकच अर्थ काढतो, याचा आपल्यावर भरवसा नाही. मग तो गप्प होतो. कामचुकारांना तर तुम्ही आयता नोकरच मिळवून दिलेला असतो.

काही महिन्यांनी तुम्ही गावाला लग्नाला जाता, पंगतीत बसता आणि फोन वाजायला लागतो. तेव्हा छाती फुगते, "माझ्याशिवाय लाइन चालत नाही." हे वाक्य मी मोठमोठ्या अनुभवी लोकांच्या तोंडून अभिमानाने ऐकलंय. अहो, ही तुमच्याविरुद्धची तक्रार आहे! तुम्ही हललात की लाइन बंद पडते, हे वरच्यांना कळलं की ते तुम्हाला तिथून कधीच हलवत नाहीत. बढतीसुद्धा तिथेच अडकते.

यावर उपाय फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत हजारो नवखे हात आले आणि त्यांना शिकवायला वेळ नव्हता. तेव्हा तिथल्या सरकारने १९४० साली सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला. युद्ध संपल्यावर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो उचलला. त्यातलं शिकवण्याचं तंत्र चार पायऱ्यांचं. आधी माणसाला तयार करा, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून बघत राहा. माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, हे त्यातलं मुख्य सूत्र. ऐकायला सोपं आहे, पण तिसऱ्या पायरीला आपले हात शिवशिवतात.

त्याच ऑफसेटचं घ्या. "बघ, असं टाकायचं" म्हणून शिकवणं होत नाही. मोक्याच्या जागा सांगाव्या लागतात, कारणासकट. फानुक कंपनीच्या कंट्रोलरच्या पडद्यावर 'प्लस इनपुट' आणि नुसतं 'इनपुट' अशा दोन वेगळ्या कळा असतात. आधीचा वेअर ०.०३० असताना ०.०१२ टाकून नुसतं 'इनपुट' दाबलं, तर बारा मायक्रॉन वाढत नाहीत, आधीचे तीस पुसून बाराच उरतात. बोअर मोठा व्हायचा तो आणखी लहान होतो, आणि पोरगा म्हणतो मशीनच खराब आहे. दुसरी जागा दशांशाची. ०.०१२ च्या ऐवजी ०.१२ पडलं की पीस थेट स्क्रॅप, कारण मोठा झालेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही. म्हणून आकडा टाकायच्या आधी त्याने तो मोठ्याने वाचायचा, का टाकतोय ते सांगायचं, आणि कळ त्यानेच दाबायची. तुम्ही हात मागे बांधून उभे. तुमच्या दोन मिनिटांच्या कामाला त्याला पंधरा मिनिटं लागतील, तेवढं प्रॉडक्शन त्या दिवशी कमी येईल. येऊ द्या. मॅनेजरने विचारलं तर सरळ सांगा, ट्रेनिंग चालू आहे.

स्किल मॅट्रिक्सचे, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्या तक्त्याचे, गोल मात्र खरे भरा. ऑडिटच्या आदल्या रात्री स्केचपेनने काळे केलेले गोल मी पाहिलेत. हा शॉर्टकट सगळ्यात महाग पडतो, कारण सुट्टीवर जाताना तुम्ही स्वतःच त्या तक्त्यावर विसंबता.

कालपर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली त्यांना आज काम सांगायचं, हे अवघड वाटतं. वाटणारच. वयाने मोठ्या माणसाला आधी काका म्हणत असाल तर काकाच म्हणत राहा, पण काम सांगताना "जमलं तर बघा ना काका" असलं गुळमुळीत नको. "काका, आज चार नंबरवर तुम्ही" बस्स. चुकलं तर बाजूला घेऊन बोला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून झापणारे सुपरवायझर मला मनापासून आवडत नाहीत. शनिवार-रविवारच्या लीडरशिप कोर्सवाल्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. त्यापेक्षा क्वालिटीतला एखादा जुना इन्स्पेक्टर गाठा, ज्याने पाच-सात सुपरवायझर आले-गेलेले बघितलेत. चहा पाजा आणि आधीचे कशाने गेले ते विचारा.

सुट्ट्यांची वही पहिल्या महिन्यातच करा. गौरी-गणपतीला कोकणातले जाणार, आषाढीला वारीवाले, छटला बिहारची मुलं. हे दरवर्षी ठरलेलं, तरी दरवर्षी सुपरवायझर ऐनवेळी डोक्याला हात लावतो.

एका बाबतीत सूट नाही. दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करून मशीन चालवू द्यायचं नाही. टार्गेट कितीही असो, सांगणारा कितीही मोठा असो. हात गेला तर बायपास करायला तोंडी सांगणारा माणूस सापडत नाही, शिफ्ट रिपोर्टवर सही तुमची असते.

आणि बढतीचं पत्र हातात पडल्यावर पगाराचा हिशेब घरी बसून करा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना १०,००० रुपयांच्या वर वेतन घेणारा माणूस 'कामगार' धरला जात नव्हता, म्हणजे कामगार म्हणून त्या कायद्याचं संरक्षण त्याला नव्हतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० आहे. वाद झाला तर कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. दुप्पट दराचा ओव्हरटाइमही बऱ्याच ठिकाणी या पायरीवर बंद होतो. सेटर असताना ओव्हरटाइम धरून जे हातात यायचं त्यापेक्षा पहिले काही महिने कमी आलं, तर दचकू नका. पण सही करायच्या आधी एचआरला विचारा, आणि उत्तर मेलवर मागा.