ब्रुकलँड्सला जाताय? आधी वळण बघा, विमान नंतर
नागपूरहून लंडनला मुलांकडे जाणार असाल, तर एक दिवस ब्रुकलँड्ससाठी राखून ठेवाच. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात रमणाऱ्यांनी तर नक्कीच. वॉटर्लू स्टेशनवरून वेब्रिजची गाडी पकडायची.

ब्रुकलँड्स म्हणजे खास मोटार शर्यतींसाठी १९०७ मध्ये बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. १९३९ मध्ये शर्यती थांबल्या, आता तिथे संग्रहालय आहे.

बरेच जण आत शिरले की थेट कॉनकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाकडे धावतात. तुम्ही आधी मेंबर्स बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या, बाहेरच्या कडेला उंच होत गेलेल्या वळणावर जा. वळणावर काँक्रीट जवळजवळ ९ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या तीन मजली घराएवढं वर चढतं. पायथ्याशी उभं राहून वर बघा, त्याला हात लावा. खडबडीत पृष्ठभाग, भेगा, सांध्यांतलं शेवाळ. याच ट्रॅकवर १९१३ मध्ये पर्सी लँबर्ट या शर्यतपटूने एका तासात १०० मैलांहून जास्त अंतर कापलं! फोटोत हा चढ सपाट दिसतो, म्हणून कुणाला तरी कडेला उभं करूनच काढा.

पाऊस झाला की शेवाळ निसरडं होतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. आणि मे महिन्यात इथून ४५ अंशांतून निघालात तरी जॅकेट सोबत ठेवा.