प्लाझ्मासाठी थीम बनवताय? या चुका टाळा

केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपसाठी थीम करायला बसणारे बहुतेक नवे कलाकार आधी एक चित्र काढतात. फिग्मात किंवा इंकस्केपमध्ये धूसर काचेसारखे पॅनेल, गोल कडांच्या खिडक्या, मागे सुरेख वॉलपेपर. चित्र देखणे होते, लोक वाहवा करतात आणि मग तेच चित्र डेस्कटॉपवर उतरवताना सगळे विस्कटते. कारण त्या चित्रात एकच खिडकी होती, मजकूर आपण निवडलेला होता आणि स्क्रीन आपली होती. खऱ्या डेस्कटॉपवर आपण कधी न पाहिलेली ॲप्स, न वापरलेल्या भाषा आणि न पाहिलेले मॉनिटर असतात. म्हणून थीम करणाऱ्याने चित्र द्यायचे नसते, नियम द्यायचे असतात: कोणता रंग कुठल्या कामाला, कोणता आकार कुठल्या नावाने, आणि तो सापडला नाही तर काय. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

रंगाला काम न देणे

प्लाझ्माच्या रंगयोजनेच्या फाइलमध्ये रंग विभागून ठेवलेले असतात. व्ह्यू म्हणजे मजकूर किंवा याद्या दिसतात तो भाग, विंडो म्हणजे खिडकीची पार्श्वभूमी. शिवाय बटण, सिलेक्शन, टूलटिप, हेडर वगैरे. प्रत्येक विभागात साधा मजकूर, निष्क्रिय मजकूर, दुवा, धोका, इशारा आणि यश यांचे वेगळे रंग. नवखा माणूस आवडता जांभळा घेतो, तो सिलेक्शनला लावतो आणि बाकीचे रकाने दुसऱ्या योजनेतून जसेच्या तसे उचलतो. मग निवडलेल्या ओळीतला दुवा जांभळ्यावर निळा होऊन नाहीसा होतो. हा दोष स्क्रीनशॉटमध्ये कधीच दिसत नाही, कारण स्क्रीनशॉट काढताना कुणी दुवा असलेली ओळ निवडत नाही. म्हणून प्रत्येक विभागातला प्रत्येक मजकुराचा रंग त्याच विभागाच्या पार्श्वभूमीवर ठेवून बघा. काम कंटाळवाणे आहे, पण थीम टिकते ती याच कामावर.

काँट्रास्ट नजरेने ठरवू नका, मोजा. वेबसाठीच्या सुलभता नियमांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ असे गुणोत्तर सांगितले आहे. डेस्कटॉपलाही तेच माप धरावे. पांढऱ्यावर ९९९९९९ हा करडा ठेवला तर गुणोत्तर ३:१ च्याही खाली जाते. ७६७६७६ केला की ४.५:१ ची मर्यादा जेमतेम पार होते. हलक्या करड्याची फॅशन ज्यांच्या डोळ्यांवर बेतते ते बहुधा तक्रार करत नाहीत, थीम काढून टाकतात.

लाल आणि हिरवा यांच्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे वापरकर्तेही असतात. स्क्रीनशॉट करड्या छटांत बदलून बघा. चूक झाल्याचा आणि काम फत्ते झाल्याचा संदेश तेव्हाही वेगळे ओळखू आले पाहिजेत.

आयकॉन: सगळ्यात जास्त घोळ इथेच

'अर्धेच आयकॉन बदलले' ही तक्रार फार सामान्य आहे. फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपचे सामायिक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या पद्धतीप्रमाणे ॲप आयकॉन मागते ते नावाने: एडिट-कॉपी, डॉक्युमेंट-सेव्ह, फोल्डर. हे नाव आधी तुमच्या थीममध्ये शोधले जाते, मग तुमच्या इंडेक्स डॉट थीम फाइलमधल्या 'इनहेरिट्स' ओळीत ज्या थीम लिहिल्या असतील त्यांत, आणि शेवटी हायकलर नावाच्या सामायिक थीममध्ये. ती ओळच लिहिली नाही तर न काढलेल्या आयकॉनच्या जागी कुठे रिकामा चौकोन, कुठे भलत्याच शैलीचे चित्र. गडद थीम असेल तर वारसा ब्रीझ-डार्कचा, म्हणजे प्लाझ्माच्या मूळच्या ब्रीझ आयकॉन-संचाच्या गडद रूपाचा द्या. साध्या ब्रीझचा दिला आणि एखाद्या ॲपने त्यातला काळसर आयकॉन तसाच उचलला, तर तो गडद पट्टीवर दिसणारच नाही.

शिवाय आयकॉन नावाने काढा, ॲपप्रमाणे नको. एकाच ॲपचे साठ आयकॉन सजवण्यापेक्षा सगळीकडे लागणाऱ्या क्रिया आणि फोल्डर आधी पूर्ण करणे केव्हाही चांगले.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकच मोठे चित्र काढून ते लहान करणे. २००८ साली केडीई ४ बरोबर आलेली ऑक्सिजन शैली छायाप्रकाशाने भरलेली, चकचकीत होती. २०१४ मध्ये प्लाझ्मा ५ बरोबर ब्रीझ आली आणि तिच्यात १६ व २२ पिक्सेलचे क्रिया-आयकॉन जवळपास एकरंगी, साध्या रेषांचे झाले. हा केवळ आवडीनिवडीचा बदल नव्हता. १६ पिक्सेलमध्ये सावलीला जागाच नसते. तिथे प्रत्येक पिक्सेल मोजून ठेवावा लागतो. ६४ पिक्सेलचा फोल्डर वेगळा काढा, १६ चा वेगळा.

रेष धूसर येते याचे कारण बहुधा एकच असते. इंकस्केपमध्ये रेषेची जाडी मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. एक पिक्सेलची रेष पूर्णांकावर, समजा ४ वर ठेवली, तर ती अर्धी या रांगेत आणि अर्धी त्या रांगेत पडते, आणि दोन्ही रांगा फिक्या होतात. ती ४.५ वर ठेवा. लगेच धारदार होईल.

आणि रंग. एकरंगी आयकॉनमध्ये काळा रंग पक्का लिहून टाकू नका. ब्रीझच्या एसव्हीजी (वेक्टर चित्रांच्या) फाइल उघडून पाहा: त्यांत 'कलरस्कीम-टेक्स्ट' हा वर्ग आणि 'करंटकलर' ही किंमत दिलेली असते, त्यामुळे वापरकर्त्याने रंगयोजना बदलली की आयकॉनही बदलतो. ही एक गोष्ट केली तर उजेडी आणि अंधारी असे दोन संच सांभाळण्याचे बरेचसे कष्ट वाचतात.

बदल केला, पण दिसतच नाही

इथे लोक तासन्तास घालवतात आणि दोष आपल्या फाइलमध्ये शोधत बसतात. प्लाझ्मा शैलीची चित्रे कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवतो. मेटाडेटा फाइलमधली आवृत्ती वाढवा किंवा घरच्या फोल्डरातल्या कॅशेमधली त्या थीमची फाइल काढून टाका आणि पुन्हा लॉगिन करा. जीटीके (ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपची ॲप्स जिच्यावर बांधतात ती लायब्ररी) ॲप्समध्ये आयकॉन जुनेच दिसत असतील तर थीमच्या फोल्डरात पडलेली आयकॉन-कॅशे शिळी झाली आहे का ते बघा.

त्यानंतरही पॅनेलची एखादी कड गायब असेल तर एसव्हीजीमधले आयडी तपासा. प्लाझ्मा पॅनेल नऊ तुकड्यांतून रचतो: टॉपलेफ्ट, टॉप, टॉपराइट, लेफ्ट, सेंटर असे. इंकस्केपमध्ये आकार एकत्र केले किंवा प्रत काढली की आयडी बदलतो, आणि चित्र डोळ्यांना अगदी तेच दिसत असले तरी प्लाझ्माला तो तुकडा सापडत नाही.

काही ॲप्स मात्र काही केल्या बदलणार नाहीत. ग्नोमने २०२२ मध्ये ४२ व्या आवृत्तीबरोबर लिबअद्वैता ही ॲप बांधण्याची लायब्ररी आणली. तिच्यावर लिहिलेली ॲप्स जीटीकेची बाहेरची थीम घेत नाहीत. फ्लॅटपॅक ॲप्स स्वतःच्या बंदिस्त चौकटीत चालतात, त्यांना तुमच्या फोल्डरातली थीम आपोआप दिसत नाही. ॲप लिहिणाऱ्यांच्या एका गटाने २०१९ मध्ये खुले पत्र लिहून डिस्ट्रोंना (लिनक्सची तयार वितरणे बनवणाऱ्यांना) विनंती केली होती की आमच्या ॲप्सवर परस्पर थीम लादू नका. त्यांचे म्हणणे मला पटते, कारण तुटलेल्या बटणाची तक्रार थीमवाल्याकडे जात नाही, त्यांच्याकडे जाते. अशा ॲप्सवर जबरदस्तीचे उपाय थीमसोबत देऊ नका. काय चालणार नाही ते वर्णनात स्वच्छ लिहा.

देवनागरी न तपासणे

आपल्यापैकी कुणी थीम केली तर ही चूक तरी व्हायला नको. इंग्रजीत नेटकी बसलेली शीर्षकपट्टी मराठीत मात्रा आणि रफार कापते, खाली उकार कापते. ऑरोरे पद्धतीच्या खिडकी-सजावटीत पट्टीची उंची ठरावीक आकड्यात लिहिली जाते. तो आकडा ठरवताना 'र्कीं' आणि 'ट्रू' अशी अक्षरे समोर ठेवा. विजेट लिहीत असाल तर उंची पिक्सेलमध्ये न देता फाँटच्या उंचीवरून ठरणाऱ्या ग्रिड-युनिटमध्ये द्या.

फक्त रोमन अक्षरांचा फाँट थीमबरोबर सुचवला तर देवनागरी अक्षरे यंत्रणा दुसऱ्याच फाँटातून आणते, आणि एकाच ओळीत जाड-बारीक अक्षरे शेजारी येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता दोन्ही लिप्या एकत्र विचारात घेऊन केलेला आहे, शिवाय मुक्त परवान्याचा आहे. नोटो सान्सची जोडीही चालते. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर डेस्कटॉपची भाषा खरोखर मराठी ठेवून तपासा. अनेक फाँट भाषेची खूण मिळाल्यावरच ती वळणे देतात.

थीम म्हणजे नुसते रंग नव्हेत

मार्च २०२४ मध्ये केडीईच्या दुकानातली, बाहेरच्या माणसाने बनवलेली एक ग्लोबल थीम (डेस्कटॉपचे सगळे रूप एकदम बदलणारी) बसवल्यावर एका वापरकर्त्याचा सगळा डेटा पुसला गेला. ग्लोबल थीममध्ये विजेट आणि स्क्रिप्टही असू शकतात, आणि ती वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. म्हणून ज्या गोष्टीला कोड लागत नाही तिथे कोड घालू नका. रंग, आयकॉन, कर्सर, वॉलपेपर हे वेगवेगळे द्या म्हणजे लोकांना हवे तेवढेच घेता येईल. दुसऱ्याची थीम पाया म्हणून घेतलीत तर तिच्यातल्या स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचा.

परवान्याचेही तसेच. पॅपिरस हा आयकॉन-संच जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आहे. त्यातले आयकॉन बदलून वापरता येतात, पण तुमचा संचही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि मूळ कलाकारांचा उल्लेख ठेवावा लागतो. मॅकओएसचे आयकॉन उचलून आणणे कुठल्याच परवान्यात बसत नाही.

प्रकाशित करण्याआधी थीम १००, १२५, १५० आणि २०० टक्के स्केलवर लावून पाहा. १२५ टक्क्यांवर एक पिक्सेलच्या रेषा सगळ्यात आधी बिघडतात, आणि छोट्या लॅपटॉपवर बरेच जण तेच स्केल वापरतात. मग ती कुणातरी वेगळा मॉनिटर वापरणाऱ्याला आठवडाभर रोजच्या कामात वापरायला द्या, आणि काय आवडले ते विचारण्याआधी काय वाचता आले नाही ते विचारा.